सहीचा रकाना

भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून मी नोकरी केली आणि त्या नोकरीत सहीचे वजन फार जवळून पाहिले. दोन भावांच्या शेतांमधला बांध सरकलेला असतो, दोघांची बोलाचाली बंद असते, आणि आपण शंकूसाखळी घेऊन चैत्राच्या उन्हात हद्द शोधत उभे असतो. शेवटी नकाशा तयार होतो आणि त्याखाली आपली सही पडते. पुढे त्या सहीवर विश्वास ठेवून कोणी विहीर खणतो, कोणी कोर्टात जातो, कोणी भावाशी पुन्हा बोलायला लागतो. म्हणून जागेवर गेल्याशिवाय सही करायची नाही, हा नियम मी नोकरीच्या अखेरच्या दिवसापर्यंत पाळला. निवृत्तीनंतर मात्र तो माझ्या हातून एकदा मोडला, आणि मोडला तो लहान मुलांच्या बाबतीत. त्या एका सहीने मला जे शिकवले, ते बरेच दिवस लिहायचे मनात होते.

आम्ही जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याला राहतो. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात माझे एक शिक्षक मित्र घरी आले. ते त्यांच्या शाळेत स्काऊटमास्तर होते, पथकात 32 मुले होती, आणि शाळेचे वर्ग, परीक्षा, निवडणुकीची कामे व जनगणनेच्या याद्या यांतून त्यांना मुलांच्या सोपानांकडे, म्हणजे स्काऊटमधल्या प्रगतीच्या पायऱ्यांकडे, लक्ष देणे जमत नव्हते. "आप्पा, शिकवायचं मी बघतो. कोणाचं काय झालं, कोणाचं काय राहिलं, आणि झालं ते खरंच झालं का, एवढं तुम्ही बघा," असे ते म्हणाले. काम ऐकायला हलके वाटत होते. मी होकार दिला, आणि दर शनिवारी दुपारी शाळेच्या मैदानावरच्या निंबाखाली वही घेऊन बसू लागलो.

ज्यांचा स्काऊटशी संबंध आला नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. साधारण 10 ते 17 वर्षांच्या मुलांचे हे पथक असते, आणि पथकात सहा ते आठ मुलांचे एकेक संघ असतात. प्रत्येक संघाला पशूचे किंवा पक्ष्याचे नाव असते, स्वतःचा छोटा झेंडा असतो आणि मुलांमधूनच निवडलेला संघनायक असतो. या चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांनी 1907 साली इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर पहिले प्रायोगिक शिबिर घेतले, तेव्हा तिथे 20 मुले होती, आणि त्यांचेही असेच चार संघ केलेले होते. श्रीमंत शाळांतली मुले आणि कामगारांची मुले त्यांत मुद्दाम एकत्र ठेवली होती. आमच्याकडेही व्यापाऱ्याचा मुलगा, सालदाराचा मुलगा आणि वसतिगृहात राहणारा पावरा आदिवासी समाजाचा मुलगा एकाच संघात एका चुलीवर जेवण करतात, आणि माझ्या मते या चळवळीतली सर्वांत मोलाची गोष्ट अजूनही तीच आहे.

पथकात आलेला मुलगा आधी प्रवेशाची तयारी करतो. प्रतिज्ञा, नियम, वंदन, डाव्या हाताने हस्तांदोलन, ध्वजाची माहिती आणि महिनाभर रोज एक सत्कृत्य. त्यानंतर दीक्षाविधी होतो आणि गळ्यात स्कार्फ येतो. पुढे प्रथम, द्वितीय आणि तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार, आणि ज्यांची चिकाटी टिकते त्यांच्यासाठी राष्ट्रपती पुरस्कार. पहिले दोन सोपान पथकातच तपासले जातात. तृतीय सोपानापासून तपासणारे बाहेरचे असतात. म्हणजे सुरुवातीच्या पायऱ्यांवर मूल खरोखर चढले की नुसते चढवले गेले, हे पाहणारे डोळे पथकाचेच असतात.

'सोपान' हा शब्द मला फार आवडतो. पूर्वी आपल्याकडेही टेंडरफूट, सेकंड क्लास, फर्स्ट क्लास हीच विलायती नावे चालत. 7 नोव्हेंबर 1950 रोजी वेगवेगळ्या संघटना एकत्र येऊन 'भारत स्काऊट्स' झाली, पुढच्या वर्षी 15 ऑगस्टला गाईड्सही तिच्यात आल्या, आणि कालांतराने त्या नावांच्या जागी प्रवेश आणि सोपान आले. वर्ग म्हटले की माणसे वरची आणि खालची होतात. पायरी म्हटले की चढणारा एकच असतो, आणि आज खालच्या पायरीवर उभा असलेला मुलगा उद्या वरच्या पायरीवर दिसेल, हे त्या शब्दातच गृहीत धरलेले आहे. ज्या देशात सुरुवातीला भारतीय मुलांना स्काऊट होण्याची परवानगीच नव्हती, आणि म्हणून अॅनी बेझंट यांना 1916 साली मद्रासमध्ये त्यांच्यासाठी वेगळी संघटना उभारावी लागली, त्या देशाने हा शब्द निवडला याचे मला समाधान वाटते.

पहिल्या वर्षी मी मोजणीच्या सवयीने एक मोठा तक्ता आखला. डावीकडे 32 नावे, वर प्रत्येक सोपानातील चाचण्या, आणि मधल्या चौकटीत तारीख व सही. हा तक्ता पाहिल्यावर कळले की काही मुलांच्या पुढे दोन वर्षांत एकही तारीख नव्हती, आणि काहींच्या पुढे एकाच दिवशी नऊ चाचण्यांच्या तारखा होत्या. दोन्ही गोष्टी मला सारख्याच अस्वस्थ करणाऱ्या वाटल्या. एक मूल दोन वर्षे मैदानावर येते, रांगेत उभे राहते, झेंड्याला वंदन करते, आणि त्याला कोणी "तुझं काय राहिलं आहे?" असे विचारतच नाही, ही त्या मुलावर झालेली मोठी उपेक्षा होती. मी ठरवले की दर शनिवारी किमान चार मुलांशी एकेकट्याने बोलायचे.

त्या बोलण्यातून मला मुले समजू लागली. सत्कृत्याच्या वह्यांचेच पाहा. सुरुवातीला सगळ्यांच्या वह्या सारख्या होत्या: आज म्हाताऱ्या आजीला रस्ता ओलांडून दिला, आज अंध माणसाला मदत केली, आज पक्ष्यांना पाणी ठेवले. आमच्या गल्लीत इतक्या आजी रोज रस्ता ओलांडत असत्या तर वाहतूक थांबली असती, हे मुलांनाही माहीत होते, पण शाळेत असेच लिहायचे असते अशी त्यांची समजूत होती. मग एका सहावीतल्या मुलाच्या वहीत मला हे वाक्य सापडले: "आज काही केले नाही. आईने पाणी भरायला सांगितले होते, मी झोपून राहिलो." पुढच्या दिवशी लिहिले होते, "आज न सांगता पाणी भरले." त्या दोन ओळी मी पुन्हा पुन्हा वाचल्या. स्काऊटच्या नियमांतला पहिला नियमच विश्वसनीयतेचा आहे, आणि त्या मुलाने तो पाठ म्हणून दाखवण्यापूर्वीच वहीत पाळला होता. त्याच्या प्रवेशाच्या रकान्यात मी त्याच दिवशी सही केली, आणि बाकीच्या मुलांना सांगितले की ज्या दिवशी काही घडले नाही त्या दिवशी तसेच लिहायचे. तापीच्या पलीकडे अमळनेरला साने गुरुजी 1924 ते 1930 या काळात शिक्षक होते, तेव्हा वसतिगृहातल्या मुलांची कामे ते त्यांच्या नकळत करून ठेवत, असे आमच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकत आम्ही मोठे झालो. सत्कृत्य असे कोणाच्या नजरेत न येता घरात घडावे, ही अपेक्षा या भागात तरी परकी नाही.

दिशांची चाचणी घेताना एक गोष्ट लक्षात आली. होकायंत्रावरच्या 16 दिशा मुले पाठ करतात, पण प्रत्यक्ष यंत्र हातात दिले की गोंधळतात. एक मुलगा तर घाबरून गप्पच बसला. मी यंत्र बाजूला ठेवले आणि विचारले, "उत्तर कुठे आहे?" त्याने क्षणाचाही विचार न करता हात वर केला आणि म्हणाला, "सर, तथा सातपुडा शे ना, तीच उत्तर." चोपड्याच्या मुलाला उत्तर दिशा शिकवावी लागत नाही, ती जन्मापासून निळ्या रेघेसारखी त्याच्या डोळ्यांसमोर असते, आणि रात्री त्याच रेघेवर ध्रुवतारा दिसतो. मी त्याला सातपुड्याकडे तोंड करून उभे केले, होकायंत्र त्याच्या तळहातावर ठेवले, आणि सुई डोंगराकडे वळताना पाहून त्याच्या चेहऱ्यावरची भीती गेली. उरलेल्या 15 दिशा त्याने त्याच डोंगराच्या आधाराने अर्ध्या तासात लावल्या. मुलाला जे आधीच येते तिथून सुरुवात केली तर चाचणी हा त्याच्याशी चाललेला संवाद होतो, हे मला त्या दिवशी पटले.

गाठींच्या बाबतीतही असेच घडले. दिवाळीच्या आसपास कापूस वेचणीला येतो आणि शनिवारी निम्मी मुले शेतावर असतात. अशा मुलांच्या पुढे गैरहजेरीची खूण करत राहणे मला अन्यायाचे वाटले, म्हणून त्या हंगामात मीच त्यांच्याकडे जाऊ लागलो. एका मुलाची गाठींची चाचणी मी त्यांच्या गोठ्यात घेतली. त्याने दावणीच्या खुंटाला क्लोव्ह हिच मारून दाखवली, दोन दोरांचे तुकडे शीट बेंडने जोडले, मग बोलाइनचा फासा करून तो वासराच्या गळ्यात घातला आणि सांगितले की हा फासा ओढला तरी आवळत नाही, म्हणून जनावराला आणि बुडणाऱ्या माणसाला तो चालतो. त्याचे वडील कडब्याची पेंढी हातात धरून उभे होते. ते म्हणाले, "हाई गाठ ते आम्ही बी मारतस, नाव तेवढं माहीत नव्हतं." मग त्यांनी बैलाचा कासरा बांधण्याची त्यांची स्वतःची एक गाठ मुलाला आणि मला दाखवली, जी एका झटक्यात सुटते आणि जनावराच्या ओढीने मात्र सुटत नाही. ती अभ्यासक्रमात नव्हती. मी ती वहीत काढून घेतली, आणि पुढच्या शनिवारी त्या मुलाने ती सगळ्या पथकाला शिकवली.

स्वयंपाकाची चाचणी मी मुद्दाम पौषातल्या थंडीत ठेवतो, कारण होळी उलटल्यावर आमच्याकडे उघड्यावर आग पेटवणे हा अविचार आहे. दोनच काड्यांत चूल पेटवायची आणि भांड्याशिवाय काहीतरी शिजवायचे, अशी मूळ कल्पना. दुसऱ्या भागांतली मुले बटाटे भाजतात. खान्देशातल्या मुलांना यासाठी बाहेरून काही शिकावे लागत नाही, कारण बट्टी आणि भरीत हे दोन्ही पदार्थ भांड्याशिवायच जन्माला आलेले आहेत. तरीही पहिल्या वर्षी मोर संघाच्या बट्ट्या बाहेरून काळ्या आणि आतून कच्च्या राहिल्या. त्यांनी गोवऱ्या पेटत्या असतानाच गोळे आत टाकले होते. वसतिगृहातल्या पावरा मुलाने त्यांना समजावले की ज्वाळा पूर्ण बसू द्यायची, राख पांढरी होऊ द्यायची आणि मग गोळे आरात पुरायचे. वांगी मात्र कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजली, कारण त्या भरभर पेटतात आणि लवकर विझतात. वांग्याला तेवढी आच पुरते, आणि बाभळीचा निखारा बट्टीसाठी राखून ठेवता येतो. हा मुलगा चाचणीच्या तोंडी प्रश्नांना मान खाली घालून उभा राहत असे. त्या दिवशी त्याच्याभोवती सात मुले बसून ऐकत होती, आणि मी माझ्या सगळ्या प्रश्नांची उत्तरे त्या ऐकणाऱ्यांच्या मागे उभा राहून मिळवली. शेवटी विस्तवावर पाणी टाकून, माती लोटून, हाताने जागा गार झाल्याची खात्री करून घेतल्याशिवाय सही नाही, एवढाच माझा आग्रह असतो.

बेडन-पॉवेल यांनी मार्गदर्शकांसाठी लिहून ठेवले आहे की बॅज देताना मोजायचे ते मुलाने केलेले प्रयत्न. सगळ्यांसाठी आखलेली एकच पातळी नव्हे. आपल्या प्रतिज्ञेतही 'यथाशक्ती' हा शब्द आहे, आणि मी तो मुलांपेक्षा स्वतःलाच अधिक वेळा म्हणून दाखवतो. आमच्या पथकात एक मुलगा बोलताना अडखळत असे. दीक्षाविधीला सगळ्यांसमोर प्रतिज्ञा म्हणायची या विचाराने त्याने दोन शनिवार यायचेच सोडले. मी त्याच्या घरी गेलो, आणि आम्ही रोज संध्याकाळी त्यांच्या गच्चीवर एकेक शब्द घेत बसू लागलो. त्याला दीड महिना लागला. विधीच्या दिवशी तो तीन ठिकाणी थांबला, आणि प्रत्येक वेळी संपूर्ण पथक, वंदनाचा हात न हलवता, त्याचा पुढचा शब्द येईपर्यंत स्तब्ध उभे राहिले. घड्याळात पाहिले असते तर ती पथकातली सर्वांत लांब प्रतिज्ञा ठरली असती. त्याने दिलेले प्रयत्न मोजायला माझ्याकडे कोणतेही माप नव्हते, आणि त्याची मला गरजही वाटली नाही.

पण 'यथाशक्ती' हा शब्द सगळीकडे लावता येत नाही, आणि हे मला उशिरा कळले.

माझ्या दुसऱ्या वर्षी जिल्ह्याला कागद पाठवायची मुदत जवळ आली होती. तृतीय सोपानासाठी नावे जायची तर द्वितीय सोपानाचे सगळे रकाने भरलेले हवेत. दोन मुलांच्या पुढे लॅशिंगचा, म्हणजे बांबू दोराने एकमेकांना बांधण्याचा, रकाना रिकामा होता. संघनायक म्हणाला, "सर, त्यांना येतं, मी पाहिलं आहे." मुले चांगली होती, कष्टाळू होती, कधी शनिवार न चुकवणारी होती. त्यांचे प्रयत्न मी पाहिले होते, म्हणून त्यांचे कौशल्यही पाहिल्यासारखे मला वाटले. रात्री घरी बसून मी दोन सह्या केल्या. बांधावर न जाता नकाशावर सही करण्यासारखेच ते होते, आणि हे मला त्या रात्री जाणवले नाही असे मी म्हणणार नाही. जाणवले होते, आणि मी पुढच्या पानाकडे वळलो होतो.

महिन्याभराने सातपुड्याच्या पायथ्याशी, उनपदेवच्या वाटेवरच्या एका शेतात आमचे शिबिर होते. उनपदेवचा गरम पाण्याचा झरा पाहायचा म्हणून मुले उत्साहात होती. शिबिराचे प्रवेशद्वार बांबूचे करायचे होते, आणि त्यातल्या वरच्या आडव्या बांबूचे एक टोक त्या दोघांपैकी एकाने बांधले होते. चौकोनी लॅशिंगमध्ये आधी क्लोव्ह हिच, मग दोन्ही बांबूंना फिरून येणारे तीन-चार वेढे, आणि त्यानंतर दोन बांबूंच्या मधून त्या वेढ्यांनाच आवळणारे फ्रॅपिंगचे वेढे असतात. खरी पकड या शेवटच्या आवळणीने येते. ती नसेल तर बांधणी दिसायला पूर्ण दिसते आणि वजन आले की सरकते. दुपारच्या वाऱ्यात झेंड्यांची माळ ताणली गेली, आडवा बांबू एका बाजूने निसटला आणि खालून जाणाऱ्या एका लहान मुलाच्या खांद्यावर पडला.

हाड मोडले नव्हते. डॉक्टरांनी संध्याकाळी तसे सांगितले तेव्हा माझ्या पायांत पुन्हा बळ आले. त्याआधी, आम्ही मोठी माणसे धावत पोहोचेपर्यंत, दोन मुलांनी त्याला सावलीत बसवले होते, आणि एकाने स्वतःच्या गळ्यातला स्कार्फ सोडून, त्रिकोणी उलगडून, त्याच्या हाताला व्यवस्थित झोळी बांधली होती. त्या मुलाची प्रथमोपचाराची चाचणी मी तीन वेळा घेतली होती, कारण पहिल्या दोन वेळा त्याने सपाट गाठ मानेच्या मणक्यावर आणली होती आणि मी त्याला परत पाठवले होते. या वेळी गाठ गळ्याच्या बाजूला, खळगीत होती. एकाच दुपारी, एकाच झाडाखाली, मी तपासून केलेली सही आणि न तपासता केलेली सही शेजारी शेजारी पाहत उभा होतो.

रात्री शेकोटीनंतर तो बांबू बांधणारा मुलगा माझ्या तंबूपाशी आला. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "सर, मला मधले वेढे येत नव्हते. तुम्ही विचारलं असतं तर मी सांगितलं असतं." त्याचा आवाज तक्रारीचा नव्हता. तो मला खरे सांगत होता, आणि त्याच्या त्या वाक्यात माझी चूक जितकी स्पष्ट होती तितकी ती दुसऱ्या कोणी मांडली असती असे मला वाटत नाही. मी त्याला सांगितले की चूक माझी आहे, आणि सकाळी सगळ्या पथकासमोरही तेच सांगितले. खांद्याला लागलेल्या मुलाच्या वडिलांनाही मी जाऊन भेटलो आणि काय घडले ते सांगितले. त्या दोन्ही सह्यांवर मी रेघ मारली, तारीख घातली आणि नावे त्या वर्षी मागे घेतली. स्काऊटमास्तर मित्राला ते कठोर वाटले. मुलांचे एक वर्ष जाईल म्हणून तो हळहळला, आणि त्याची हळहळ खोटी नव्हती. पण ज्या मुलाने रात्री येऊन खरे सांगितले होते, त्याच्या सोपानांच्या कार्डावर खोटी तारीख तशीच ठेवणे हा त्याचाच अपमान झाला असता.

तेव्हापासून माझ्या तक्त्यात दोन रंग आहेत. गाणे, प्रतिज्ञा, इतिहास, सत्कृत्य, रेखाटन, निसर्गाची ओळख या गोष्टी निळ्या शाईच्या. तिथे मी मुलाची धडपड पाहतो, त्याच्या कालच्या पायरीपासून मोजतो, आणि उदार मनाने सही करतो. ज्या गोष्टीवर दुसऱ्याचा जीव किंवा हातपाय विसंबून आहेत, म्हणजे प्रथमोपचार, लॅशिंग, पोहणे, विस्तव, त्या लाल शाईच्या. तिथे धडपडीचे कौतुक तोंडाने करायचे आणि सही मात्र काम बिनचूक झाल्यावरच. रक्त वाहत असताना जखमेवर दाब देता आला पाहिजे, यथाशक्ती देऊन भागत नाही. पथकातल्या मुलांना हा फरक लगेच समजला. मोठ्यांना समजावताना मला अधिक वेळ लागतो. "याचे दहावीला गुण मिळतात का?" हा प्रश्न पालक विचारतात, आणि तो विचारण्यात मला गैर वाटत नाही, ज्या घरात मुलाच्या एकेका गुणाकडे आशेने पाहिले जाते त्या घरांत मी आयुष्यभर मोजणीसाठी जात आलो आहे. मी त्यांना एवढेच सांगतो की गुण मिळाले तर ते घ्यावेत, पण बांबू पडला तेव्हा तिथे गुणपत्रिका उपयोगी पडली नव्हती.

हे काम करताना मला सर्वांत जास्त आनंद नदीच्या काठावर मिळतो, हे मी लपवणार नाही, कारण ते माझ्या जुन्या कामाच्या सर्वांत जवळ आहे. नदी न ओलांडता तिची रुंदी काढायची. अनेरच्या काठी मी मुलांना नेतो. पलीकडच्या काठावरचे एक झाड हेरायचे, त्याच्या बरोबर समोर आपल्या काठावर खुंटी ठोकायची. तिथून काटकोनात काठाने 20 पावले चालून दुसरी खुंटी, आणखी 20 पावले चालून तिसरी. तिसऱ्या खुंटीपासून नदीकडे पाठ करून सरळ आत चालत राहायचे आणि सारखे मागे वळून पाहायचे. ज्या जागी मधली खुंटी आणि पलीकडचे झाड एका रेषेत आले, तिथे थांबायचे. तिसऱ्या खुंटीपासून आपण जितके चाललो, तितकी नदी रुंद.

गणितात सतत मागे पडणारा एक सातवीतला मुलगा हे ऐकून तीन वेळा काठावर धावत फिरला. दोन त्रिकोण सारखे आहेत हे त्याला फळ्यावर कधी पटले नव्हते; इथे ते दोन त्रिकोण त्याने स्वतः चालून काढले होते. त्याला 86 पावले मिळाली, मला 83. पण त्या दिवशी त्याने स्वतःच्या पावलाची लांबी मोजलेली नव्हती, त्यामुळे पावलांचे मीटर करता आले नाहीत आणि त्याचा तो रकाना रिकामा राहिला. पुढच्या शनिवारी करू, असे ठरले. पुढच्या शनिवारी तो आला नाही. त्याचे वडील कामासाठी सुरतला गेले होते आणि घरही त्यांच्यामागून गेले. आमच्या भागातून सुरतेला जाणारी वाट जुनी आहे. दरवर्षी माझ्या तक्त्यातली एक-दोन नावे त्या वाटेने जातात. त्याचे कार्ड मी कपाटात तसेच ठेवले.

गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दुपारी तो दारात उभा राहिला. उंची वाढली होती, आवाज बदलला होता. पाणी पिऊन झाल्यावर त्याने विचारले, "सर, माझं कार्ड आहे का?" मी कपाट उघडून ते काढले. द्वितीय सोपानात तो एकच रकाना उरला होता. ऊन भयंकर होते, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मोटारसायकलवर आम्ही अनेरला गेलो. पात्रात पाणी जवळजवळ नव्हते, पण काठ होते आणि झाडही होते. त्याने आधी 30 मीटरची टेप अंथरून स्वतःच्या पावलाची लांबी काढली, कारण तेवढ्या काळात ती बदलली होती. मग खुंट्या ठोकल्या, चालला, वळून पाहिले, पुन्हा दोन पावले मागे आला. आकडा त्याने वहीत लिहून मला दाखवला. पात्र कोरडे असल्यामुळे त्या दिवशी आम्हाला टेप घेऊन पलीकडे जाऊन खरी रुंदीही मोजता आली. अडीच मीटरचा फरक पडला. मी तिथेच दगडावर कार्ड ठेवून सही केली आणि त्याला सांगितले की सुरतला शाळेत पथक असेल तर हे कार्ड त्यांना दाखव.

त्याने कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवले. पण तो उठेना. अनेर पुढे तापीला मिळते आणि तापी सुरतेवरून जाते, हे त्याला माहीत होते. तो म्हणाला, "सर, तिकडे तापी फार रुंद आहे. आणि काठावर एवढं मागे चालायला जागाच नाही, लगेच भिंत येते. मग कसं करायचं?" मी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि थांबलो, कारण तो काडीने वाळूत रेघा ओढू लागला होता. पहिल्या दोन खुंट्यांमधले अंतर त्याने तसेच ठेवले, तिसरी खुंटी निम्म्यावर आणली, मग पुसून आणखी जवळ आणली. "पहिलं अंतर 40 पावलं, दुसरं 10," तो स्वतःशीच म्हणाला, "म्हणजे मागे चालायचं ते चौथा हिस्सा. आलेल्या आकड्याला चारनं गुणायचं." मग मान वर करून त्याने विचारले, "बरोबर ना, सर?"

मी म्हटले, "तिकडे गेल्यावर मोजून बघ, आणि किती भरली ते मला कळव."